अमेरिकेतल्या ऑनर्स प्रोग्रॅमचं तिसरं वर्ष: थिसिस, परदेशातलं सेमिस्टर आणि एकविसावा वाढदिवस

एका आईचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी अमेरिकेतल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीत पर्यावरणशास्त्र शिकते, ऑनर्स प्रोग्रॅममध्ये आहे. सध्या डिसेंबर चालू आहे, म्हणजे तिचं दुसरं वर्ष निम्मं संपलं. येत्या ऑगस्टपासून ज्युनिअर, म्हणजे तिसरं, वर्ष लागेल आणि त्या वर्षाच्या स्प्रिंगमध्ये, म्हणजे जानेवारी ते मेच्या सेमिस्टरला, तिला एडिनबरा विद्यापीठात एक सेमिस्टर करायचं आहे. थिसिस तर चौथ्या वर्षी असतो, मग तिसऱ्या वर्षी ऑनर्ससाठी नेमकं करायचं काय? आणि हा सगळा व्याप झेपला नाही तर ऑनर्स सोडलं म्हणून काही बिघडेल का? प्रश्नाच्या शेवटी, जाता जाता, आणखी एक माहिती आहे: कुटुंब एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, मुलगी त्यावर अवलंबून असलेल्या एच-४ व्हिसावर, आणि ज्युनिअर वर्षातल्या फेब्रुवारीत तिला २१ वर्षं पूर्ण होतील.

मी एका सार्वजनिक विद्यापीठाच्या ऑनर्स कॉलेजात विद्यार्थ्यांची सल्लागार म्हणून बरीच वर्षं काम करते आहे. माझं उत्तर आधीच सांगते, कारणं मागून येतील. थिसिस चौथ्या वर्षी लिहितात हे खरं, पण तो होणार की नाही हे तिसऱ्या वर्षाच्या मे महिन्यापर्यंत ठरून गेलेलं असतं. त्यामुळे ज्युनिअर वर्षाचं स्प्रिंग सेमिस्टर तिनं स्वतःच्या कॅम्पसवरच काढावं. एडिनबराला जायचं तर फॉलमध्ये, म्हणजे वर्षाच्या पहिल्या सेमिस्टरला, जावं. आणि जाता जाता लिहिलेली ती शेवटची गोष्ट, म्हणजे एकविसावा वाढदिवस, सगळ्यात आधी हातात घ्या, कारण ती युनिव्हर्सिटीच्या कॅलेंडरसाठी थांबणार नाही.

आधी ऑनर्स म्हणजे काय, कारण भारतातल्या नातेवाइकांशी बोलताना इथे हमखास गोंधळ होतो. भारतात यूजीसीच्या डिसेंबर २०२२च्या आराखड्यानुसार चार वर्षांच्या पदवीला ऑनर्स म्हणतात, आणि पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळवणाऱ्यांना चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स घेता येतं. अमेरिकेत मेजर, म्हणजे मुख्य विषय, कुठलाही असो, ऑनर्स ही त्याच्या जोडीला चालणारी वेगळी वाट असते. तिचा उगम साधारणपणे स्वार्थमोर कॉलेजात शोधतात. तिथे अध्यक्ष फ्रँक एडलॉट यांनी १९२२ साली ऑक्सफर्डच्या धर्तीवर ती सुरू केली, आणि तिथल्या ऑनर्स विद्यार्थ्यांची परीक्षा आजही बाहेरून आलेले परीक्षक घेतात. स्टेट युनिव्हर्सिट्यांमधलं रूप निराळं आहे: लहान वर्ग, ठरावीक ऑनर्स क्रेडिट, किमान जीपीए (गुणांची सरासरी) आणि बहुतेक ठिकाणी शेवटी थिसिस. पदवीवर येणारा ‘कुम लाउडे’ (लॅटिनमध्ये ‘सन्मानासह’) हा शेरा सहसा यातला भाग नाही. तो बहुतेक ठिकाणी फक्त गुणांवर मिळतो, ऑनर्स न घेताही मिळतो.

प्रत्येक विद्यापीठाचे नियम वेगळे, आणि एकाच विद्यापीठातही ते वर्षावर्षाला बदलतात. मुलगी ज्या वर्षी दाखल झाली त्या वर्षीचा कॅटलॉग, म्हणजे नियमपुस्तिका, सहसा तिला लागू असतो. सीनियर मैत्रिणीनं सांगितलेला नियम जुना असू शकतो आणि वेबसाइटवरचा नियम नव्या तुकडीचा असू शकतो. म्हणून जानेवारीत ऑनर्स ऑफिसमध्ये जाऊन स्वतःचा डिग्री ऑडिट (पदवीसाठी काय झालं, काय उरलं याचा तक्ता) समोर ठेवून बसायला सांगा. तीन गोष्टी विचारायच्या: किती ऑनर्स क्रेडिट उरलेत, त्यातले किती ३०० किंवा ४०० पातळीचे, म्हणजे वरच्या वर्षांचे, हवेत, आणि थिसिसचे क्रेडिट मेजरच्या गरजेतही मोजले जातात का. या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर तुम्हाला वाटतोय त्यातला बराच व्याप तिथेच कमी होतो, कारण मग थिसिस म्हणजे जास्तीचे दोन कोर्स उरत नाहीत.

क्रेडिट कमी पडत असतील तर ऑनर्स कॉन्ट्रॅक्ट नावाची सोय बऱ्याच ठिकाणी असते. नेहमीच्या कोर्सच्या प्राध्यापकांशी सेमिस्टरच्या सुरुवातीला लेखी ठरवायचं की मी इतरांपेक्षा अमुक जास्तीचं काम करीन, आणि तो कोर्स ऑनर्सचा म्हणून धरायचा. मुलं ‘दहा पानं जास्त लिहीन’ असं लिहून मोकळी होतात. ते वाया जातं. ज्युनिअर वर्षातला कॉन्ट्रॅक्ट थिसिसच्या तयारीचा असावा: त्या विषयातलं आधीचं संशोधन वाचून मांडणं, एखादी पद्धत शिकून छोट्या डेटावर चालवून पाहणं. मग तेच काम दोनदा कामी येतं.

एपीचे, म्हणजे हायस्कूलमध्येच कॉलेज-पातळीच्या परीक्षा देऊन मिळवलेले, क्रेडिट घेऊन आलेल्या मुलांसाठी एक सूचना, कारण आपल्या मराठी घरांतली पुष्कळ मुलं अशीच असतात. साधारण ६० क्रेडिट झाले की रजिस्ट्रार ज्युनिअर म्हणतो, त्यामुळे एपीचे ३० क्रेडिट असलेली मुलगी पहिल्या वर्षाच्या शेवटीच कागदावर ज्युनिअर होते. ऑनर्स ऑफिस मात्र पदवी कधी मिळणार यावरून मोजतं. तीन वर्षांत पदवी उरकून फी वाचवायचा बेत घरात शिजत असेल, तर थिसिसचं घड्याळ एक वर्ष आधी सुरू झालेलं असतं आणि बहुतेकांना ते कळतच नाही.

आता मुख्य काम, मार्गदर्शक शोधण्याचं. इथे आपली मुलं फार मागे राहतात आणि त्यामागे हुशारीचा काही प्रश्न नसतो. ‘सरांना उगाच कशाला त्रास द्यायचा’ हे घरातून इतकं मुरलेलं असतं की ए ग्रेड मिळवणारी मुलं दोन वर्षांत एकदाही ऑफिस अवर्सना, म्हणजे प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांच्या भेटीसाठी राखून ठेवलेल्या वेळेत, गेलेली नसतात. मग थिसिससाठी मार्गदर्शक हवा, शिफारसपत्रं हवीत अशी वेळ येते आणि नावानं ओळखणारं कुणीच नसतं. ऑफिस अवर्स हा त्या प्राध्यापकांच्या कामाचाच भाग आहे. तिथे जाणं म्हणजे उपकार मागणं नव्हे.

तिनं येत्या जानेवारी ते एप्रिलमध्ये तीन-चार प्राध्यापकांना भेटावं. मेल छोटा असावा: मी कोण, तुमचा अमुक पेपर किंवा अमुक कोर्स मला का भावला, चौथ्या वर्षी ऑनर्स थिसिस करायचा आहे, वीस मिनिटं भेटता येईल का. एवढंच. सोबत बायोडेटा जोडायचा, पण ‘माझे मार्गदर्शक व्हाल का’ हे पहिल्याच मेलमध्ये विचारायचं नाही. भेटीत मात्र एक प्रश्न न लाजता विचारायचा: पुढची दोन्ही वर्षं तुम्ही इथेच आहात का? प्राध्यापक सबॅटिकलवर (लांब अभ्यासरजेवर) जातात, व्हिजिटिंग असलेल्यांचा करार संपतो, काहींना दुसरीकडे नोकरी मिळते. मार्गदर्शक ऐन सप्टेंबरात परगावी असल्यामुळे रखडलेले थिसिस मी बरेच पाहिलेत. कुणी नाही म्हटलं तर वाईट वाटून न घेता ‘मग मी कुणाला भेटू?’ असं विचारावं. चांगली नावं बहुतेक याच वाटेनं मिळतात.

विषयाचं म्हणाल तर सुरुवातीला सगळेच आभाळाएवढा विषय घेऊन येतात. पर्यावरणशास्त्राचीच एक विद्यार्थिनी माझ्याकडे ‘हवामानबदल आणि शेती’ घेऊन आली होती. मार्गदर्शकांनी तिला विचारलं, कोणतं पीक? ती म्हणाली, मका. कुठला मका? आयोवातला. हवामानातलं नेमकं काय? इथे ती अडली आणि दोन आठवडे वाचून परत आली. दाणे भरण्याच्या काळात रात्री उष्ण राहिल्या तर मक्याचं उत्पादन घटतं, असं तिच्या वाचनात आलं होतं. मग प्रश्न असा ठरला: आयोवातल्या काउंट्यांमध्ये (जिल्ह्यांमध्ये) जुलैतल्या रात्रीच्या तापमानाचा आणि मक्याच्या उत्पादनाचा संबंध कसा दिसतो? काउंटीनिहाय उत्पादनाचे आकडे अमेरिकेच्या कृषी खात्याकडे फुकट मिळतात, रोजचं किमान तापमान नोआ या सरकारी हवामान संस्थेकडे मिळतं. शेतावर जायला नको, प्रयोगशाळा नको, कुणाची परवानगी नको. लागणार होतं ते संख्याशास्त्र, आणि ते तिनं त्याच स्प्रिंगला रिग्रेशनचा कोर्स घेऊन शिकून घेतलं. ज्युनिअर वर्षाच्या शेवटी ऑनर्स ऑफिस जो प्रस्ताव मागतं त्यात हेच असतं: प्रश्न, आधी कोणी काय केलंय, डेटा कुठून येणार, पद्धत कोणती, वेळापत्रक, आणि मार्गदर्शकांची व दुसऱ्या वाचकाची सही. पानं थोडीच असतात, पण ती सही मिळेपर्यंतच्या भेटीगाठींत सगळं सेमिस्टर जातं. म्हणूनच स्प्रिंगमध्ये कॅम्पसवर राहा म्हणते. हे काम एडिनबराहून व्हिडिओ कॉलवर करता येईल असं मुलांना वाटतं, पण ज्यांची आधी ओळखच नाही असे प्राध्यापक दूरच्या मुलीच्या मेलला उत्तर द्यायला वेळ लावतात.

थिसिसमध्ये माणसं येणार असतील, म्हणजे सर्व्हे किंवा मुलाखती, तर आयआरबी म्हणजे संशोधन-नीती समितीची परवानगी आधी लागते. आधी, हे फार महत्त्वाचं आहे. एका मुलानं आपल्या गावच्या महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आहाराविषयी गूगल फॉर्म फिरवला. उत्साहानं भरभरून उत्तरं आली, आणि परवानगी नंतर मागितल्यामुळे त्यातलं एकही थिसिसमध्ये वापरता आलं नाही. मौखिक इतिहासाला २०१९पासून लागू झालेल्या सुधारित केंद्रीय नियमांतून सूट आहे, त्यामुळे मंडळातल्या आजी-आजोबांच्या स्थलांतराच्या आठवणी नोंदवायच्या असतील तर पूर्ण परवानगी लागणार नाही असं होऊ शकतं. तरीही ‘लागणार नाही’ हे स्वतः ठरवायचं नाही, समितीच्या ऑफिसकडून लेखी घ्यायचं. मार्चमध्ये अर्ज गेला तर उन्हाळ्यात काम सुरू करता येतं. ऑगस्टमध्ये गेला तर सीनियर वर्षाचं निम्मं फॉल वाट पाहण्यात जातं.

आता एडिनबरा. ज्युनिअर वर्षात परदेशी जाण्याची प्रथा अमेरिकेत शंभर वर्षांहून जुनी आहे. डेलावेअर विद्यापीठाचे प्राध्यापक रेमंड कर्कब्राइड १९२३च्या जुलैत आठ विद्यार्थ्यांना घेऊन फ्रान्सला बोटीनं गेले, तिथून ती रूढ झाली. तिनं जावंच, असं माझं स्पष्ट मत आहे. बऱ्याच ऑनर्स प्रोग्रॅममध्ये परदेशातलं सेमिस्टर ऑनर्सच्या गरजेतही धरलं जातं, तेही विचारून घ्या. फॉलला जाण्यासाठीचे अर्ज बहुतेक विद्यापीठांत फेब्रुवारी-मार्चमध्येच बंद होतात, त्यामुळे बेत बदलायचा तर या सुट्टीतच बदलावा लागेल. कोर्सची समकक्षता जाण्यापूर्वी विभागाकडून लेखी मंजूर करून घ्यायची. परत आल्यावर मेजरचा कोर्स ‘इलेक्टिव्ह’ म्हणून नोंदला गेला की एक सेमिस्टर वाढतं. आणि भारतीय पासपोर्ट असेल तर एका सेमिस्टरच्या शिक्षणासाठीही ब्रिटनचा व्हिसा आधी काढावा लागतो. अमेरिकन मैत्रिणींना ही भानगड नसते, त्यामुळे स्टडी अब्रॉड ऑफिस ती आठवणीनं सांगेलच असं नाही.

आता व्हिसा. एच-४ हे पाल्याचं स्टेटस २१व्या वाढदिवशी संपतं. काही कुटुंबांत २००२च्या चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन ॲक्टमुळे ग्रीन कार्डसाठीचं वय गोठवलं जातं, पण भारतीयांच्या रांगेची लांबी पाहता त्यावर भिस्त ठेवू नका. बहुतेक मुलींना एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावं लागतं. मूळ बेताप्रमाणे ती जानेवारी ते मे एडिनबराला असेल, म्हणजे वाढदिवस परदेशात येईल आणि परतताना एच-४ उरलेलंच नसेल. अमेरिकेत राहून स्टेटस बदलण्याचा अर्ज केला आणि तो प्रलंबित असताना देशाबाहेर पाऊल टाकलं, तर तो अर्ज सोडून दिला असं धरतात. फॉलला गेल्यास एक बरा मार्ग दिसतो: डिसेंबरात एडिनबराहून भारतात जाऊन, नवा आय-२० (विद्यापीठ देतं तो एफ-१साठीचा कागद) घेऊन तिथल्या अमेरिकन वकिलातीत एफ-१ची मुलाखत द्यायची आणि जानेवारीत एफ-१वर परतायचं. पण घरची ग्रीन कार्डची प्रक्रिया चालू असेल तर ‘शिकून परत जाणार का’ हा प्रश्न मुलाखतीत अडचणीचा ठरू शकतो. शिवाय मुलाखतीची तारीखही वेळेत मिळायला हवी. म्हणून हा सल्ला माझा अंतिम धरू नका. युनिव्हर्सिटीचा इंटरनॅशनल स्टुडंट ऑफिसर आणि इमिग्रेशनचा वकील, दोघांशी जानेवारीतच बोला, आणि एडिनबराचा अर्ज भरण्यापूर्वी बोला. काही विद्यापीठांत स्टेटस बदललं की राज्यातल्या रहिवाशाची फी मिळणं बंद होतं, तेही त्याच भेटीत विचारा.

एफ-१चा एक फायदा मात्र मुलांच्या लक्षात येत नाही. एच-४वरच्या मुलीला पगारी काम करता येत नाही, त्यामुळे प्रयोगशाळेत ती फार तर क्रेडिटसाठी किंवा अनुभवासाठी काम करते. एफ-१वर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं, म्हणजे थिसिसच्या मार्गदर्शकांकडेच पगारी रिसर्च असिस्टंट होता येतं. मेजरशी निगडित इंटर्नशिपसाठी सीपीटी ही शिक्षण चालू असतानाची कामाची परवानगी आहे. फक्त एक सांभाळायचं: पूर्णवेळ सीपीटी १२ महिने झाली की ओपीटी, म्हणजे पदवीनंतर काही काळ काम करण्याची परवानगी, हातची जाते.

शिष्यवृत्त्यांच्या बाबतीत ज्युनिअर वर्ष सगळ्यात श्रीमंत, पण दरवाजे सगळ्यांना उघडे नाहीत. विज्ञान-गणित-अभियांत्रिकीत संशोधन करणाऱ्या सोफमोर (दुसऱ्या वर्षाच्या) आणि ज्युनिअर मुलांसाठी गोल्डवॉटर आहे, वर्षाला ७,५०० डॉलरपर्यंत. सार्वजनिक सेवेकडे वळणाऱ्या ज्युनिअर मुलांसाठी ट्रूमन आहे, पुढच्या शिक्षणासाठी ३०,००० डॉलरपर्यंत. गोल्डवॉटरची अंतिम तारीख जानेवारीच्या शेवटी, ट्रूमनची फेब्रुवारीच्या सुरुवातीला. पण दोन्हींसाठी विद्यापीठानं नाव पुढे पाठवावं लागतं आणि विद्यापीठाची आतली निवड आदल्या फॉलमध्येच उरकते. जानेवारीत वेबसाइट उघडणाऱ्यांची संधी कधीच गेलेली असते. एनएसएफ या केंद्रीय विज्ञान संस्थेचे आरईयू म्हणजे दुसऱ्या विद्यापीठात उन्हाळ्यातले साधारण आठ ते दहा आठवडे विद्यावेतनासह संशोधन. ज्युनिअर वर्षानंतरच्या उन्हाळ्यासाठी याहून चांगलं मला काही माहीत नाही. गोल्डवॉटर आणि आरईयूला नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं, ट्रूमनला ग्रीन कार्डही पुरत नाही. तुमच्या मुलीला ही तिन्ही दारं आज बंद आहेत, आणि हे तिला आत्ताच सांगितलेलं बरं. तिनं स्वतःच्या विद्यापीठाच्या थिसिस ग्रँट आणि समर रिसर्च फंडाकडे पाहावं. त्यातल्या काहींना स्टेटसची अट नसते आणि अर्ज करणारेही कमी असतात. पदवीनंतर केंब्रिजला जायचं मनात असेल तर गेट्स केंब्रिज ब्रिटनबाहेरच्या कुठल्याही देशाच्या नागरिकाला खुली आहे. तिची तयारी ज्युनिअर वर्षानंतरच्या उन्हाळ्यात सुरू होते, आणि तिथे थिसिसच्या मार्गदर्शकांचं पत्र सगळ्यात वजनदार ठरतं.

ऑनर्स सोडण्याबद्दल. सोडलं तर पदवी तीच मिळते, नोकरी देणारे क्वचितच विचारतात. मेडिकलला जाणाऱ्या मुलीला ज्युनिअर स्प्रिंगमध्ये एमकॅट ही मेडिकलची प्रवेशपरीक्षा द्यायची असेल, किंवा कंप्युटर सायन्सच्या मुलाला उन्हाळ्यात पूर्णवेळ इंटर्नशिप आणि सेमिस्टरमध्ये मुलाखती असतील, तर थिसिस न करण्याचा निर्णय अगदी समंजस असू शकतो, आणि मी तसं मुलांना सांगितलंही आहे. पण पर्यावरणशास्त्रात पुढे एमएस किंवा पीएचडी करायची इच्छा असेल, तर स्वतः प्रश्न ठरवून वर्षभर त्यामागे लागण्याचा अनुभव पदवीच्या पातळीवर दुसरीकडे सहज मिळत नाही. तिला अर्ध्यात सोडायचंच असेल तर ज्युनिअर स्प्रिंगमध्ये मार्गदर्शकांना भेटून, प्रस्ताव लिहायला घेऊन मग सोडू दे. आत्ता, नुसत्या व्यापाच्या धास्तीनं नको. जीपीए अटीखाली गेला असेल तरी लगेच बाहेर काढत नाहीत. बहुतेक ठिकाणी एक-दोन सेमिस्टरची मुदत मिळते, त्यासाठी तिनं ऑफिसला स्वतः लिहायचं.

आणि हे ‘स्वतः’ खरंच स्वतः. १९७४च्या फर्पा कायद्यानुसार कॉलेजातल्या मुलीची शैक्षणिक माहिती तिच्या लेखी संमतीशिवाय विद्यापीठ सहसा आईवडिलांना देत नाही. माझ्याकडे पालकांचे फोन येतात, काळजीनं येतात हे मला कळतं, पण मला ‘मुलीला भेटायला सांगा’ एवढंच म्हणता येतं. व्हिसाच्या वकिलाकडे तुम्ही तिच्याबरोबर जा, ते तुमचंही काम आहे. ऑनर्स ऑफिसला आणि प्राध्यापकांना तिला एकटीला जाऊ दे. सुट्टी संपायच्या आत तिनं तीन नावं काढून पहिला मेल पाठवावा, आणि स्टडी अब्रॉड ऑफिसला फॉलची अंतिम तारीख विचारावी.